लग्न वैशाखात, खड्डे गालावर : कोणता लेझर घ्यावा?

प्रश्न विचारणारी मुलगी देवगडच्या बाजूची, २७ वर्षांची. घरची हापूसची बाग आहे आणि मोसमात पेट्या भरायला ती स्वतः उभी असते. कॉलेजपासून मुरुमं होती, आता गालांवर खड्डे राहिलेत. आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या दोन महिन्यांपूर्वी संपल्या. लग्न वैशाखात ठरलंय. मुंबईच्या एका क्लिनिकमध्ये तिला सीओटू लेझर सुचवला, कोल्हापुरात अर्बियम, आणि तालुक्याच्या पार्लरमध्ये ‘कार्बन लेझर, एका बैठकीत चेहरा काचेसारखा’. यातला कोणता घेऊ, एवढंच तिला विचारायचंय.

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. वैशाखाआधी यातला एकही घेऊ नका. आत्ता कार्तिक चाललाय. लग्नापर्यंतच्या महिन्यांत खड्ड्यांसाठी करण्यासारखं बरंच आहे, पण ते काम लेझरचं नाही. लेझर आषाढात.

मी रत्नागिरीत २२ वर्षं त्वचेचीच प्रॅक्टिस करते. ‘कोणता लेझर’ हा प्रश्न आला की मी पेशंटला आधी आरसा देते. तुम्हीही उद्या सकाळी ट्यूबलाइट बंद करून खिडकीशी आडव्या बसा. उजेड गालावर बाजूने पडू दे. समोरून पडणाऱ्या उजेडात सगळे खड्डे सारखेच दिसतात. बाजूच्या उजेडात सावल्या पडतात आणि प्रत्येकाचा आकार कळतो.

पुळणीवर ओहोटीला खेकड्याची छोटी बिळं दिसतात ना, तोंड बारीक आणि आत खोल? काही खड्डे तसे असतात. काही जांभ्याच्या चिऱ्याला असतात तसे : रुंद, कडा उभ्या, तळ सपाट. आणि काहींना कडाच नसते. पाणी ओसरल्यावर वाळूवर लाटांचे उंचसखल पट्टे राहतात, तशी कातडी नुसती खाली-वर झालेली असते. दोन बोटांनी गाल ताणून बघा. लाटा ताणल्यावर पुसल्या जातात, बिळं तशीच राहतात. बहुतेकांच्या चेहऱ्यावर तिन्ही मिसळलेले असतात. कुठला प्रकार जास्त आहे त्यावरून इलाज ठरतो. मशीनचं नाव त्यानंतरची गोष्ट.

खेकड्याच्या बिळांना लेझर नीट पुरत नाही, मग तो कितीही महागाचा असो. बीळ खोल जातं, आणि लेझरने तिथवर पोचायचं तर आजूबाजूच्या चांगल्या कातडीला फुकट भाजावं लागतं. त्यांच्यासाठी साधी, स्वस्त युक्ती आहे. लाकडी काडीचं टोक ७० ते १०० टक्के तीव्रतेच्या ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवायचं आणि फक्त बिळाच्या तळाशी टेकवायचं. काही सेकंदांत तिथे मिठाच्या कणासारखा पांढरा ठिपका उमटतो. आठवड्याभरात खपली पडते आणि आतून नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, भरत जातं. दर चार-सहा आठवड्यांनी असं तीन-चार वेळा करायचं. ही पद्धत २००२ मध्ये कोरियन डॉक्टरांनी मांडली. त्यांचे पेशंट आपल्यासारखेच, डाग पटकन उमटणाऱ्या कातडीचे होते, म्हणून मला ती जवळची वाटते. (हे ॲसिड ऑनलाइन बाटलीत मिळतं. मागवू नका. बिळाच्या बाहेर सांडलेला एक थेंब मी वर्षभर निस्तरला आहे, एका मुलीने घरी केलेला.)

लाटांसारख्या खड्ड्यांचं दुखणं वेगळंच. तिथे कातडीला खालून तंतूंचे दोर ओढून धरतात. दोर खालून बांधलेला असताना वरून कितीही इस्त्री फिरवली तरी काय होणार? भूल देऊन सुई कातडीखाली आडवी घालायची आणि ते दोर तोडायचे, याला सबसिजन म्हणतात. तोडताना हाताला बारीक करकर जाणवते, पेशंटलाही ऐकू येते. मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबरतात. आठवडा-दहा दिवस गाल काळानिळा राहतो, पण हा मुका मार असतो, भाजल्याची जखम नसते.

उरले जांभ्यासारखे उथळ खड्डे आणि एकूण खरबरीतपणा. लेझरचा खरा प्रांत हा.

सीओटूची गोष्ट आपल्या घरची आहे. कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ज्यांनी शोधला ते कुमार पटेल बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. या लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, आणि ती पाण्यात शोषली जाते. कातडी पाण्याने भरलेली, त्यामुळे किरण पडेल तिथला थर वाफ होऊन उडतो आणि त्याच्या भोवतीची कातडी तापते. या तापण्यात फायदा आणि तोटा दोन्ही आहेत. तापल्याने रक्त थांबतं, कोलॅजन आवळतं, खड्डा उचलला जातो. पण त्याच तापाने आपल्या कातडीतल्या रंगपेशी चवताळतात.

अर्बियम याग लेझर २,९४० नॅनोमीटरचा. पाणी तो सीओटूपेक्षा दहापटीहून जास्त शोषतं, म्हणून थर उडतो आणि आजूबाजूला ताप फार पसरत नाही. जखम लवकर भरते, डागाची भीती कमी. पण आवळणंही कमी, आणि खोल गेलं तर बारीक रक्ताचे थेंब येतात. तुम्हाला कोल्हापुरात ‘अर्बियम’ म्हणाले, तेव्हा विचारून घ्या : याग की ग्लास? नाव एकच, काम वेगळं. अर्बियम ग्लास १,५४० किंवा १,५५० नॅनोमीटरचा असतो. तो वरचा थर उडवत नाही, कातडी शाबूत ठेवून आतून तापवतो. दोन-तीन दिवस सूज आणि लाली, मग कामावर. त्या मानाने फरकही सावकाश दिसतो, चार ते सहा बैठका धराव्या लागतात.

१९९० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत सीओटूने अख्ख्या चेहऱ्याची वरची कातडी सलग काढत. गोऱ्या कातडीवर ते खपून गेलं. अमेरिकन त्वचातज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला कातडी कशी वागते यावरून प्रकार पाडायला सुरुवात केली. आज ते सहा धरतात आणि आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. आपल्याकडे सलग सोललं की तपकिरी डाग हमखास, आणि कधी त्याहून वाईट : वर्षाने उमटणारे पांढरे पट्टे, जे परत भरत नाहीत. म्हणून कोणी ‘फुल रिसरफेसिंग’ म्हणालं तर चप्पल घालून निघा.

आपल्यासाठी दार उघडलं ते २००४ मध्ये. बोस्टनच्या मॅनस्टीन आणि अँडरसन या संशोधकांनी किरण सलग न फिरवता बारीक बारीक ठिपक्यांत तोडायची कल्पना मांडली. शेतातल्या टोकणीसारखं समजा. जमीन नांगरायची नाही, अंतराअंतरावर भोकं पाडायची. मधली कातडी शाबूत राहते आणि तीच भोकं भरून काढते, एक-दोन दिवसांत. याला फ्रॅक्शनल म्हणतात. सीओटू असो, याग असो की ग्लास, तुमच्या चेहऱ्यावर येईल ते फ्रॅक्शनलच असायला हवं.

फ्रॅक्शनल म्हटलं की निर्धास्त, असंही नाही. हे मी पेशंटच्या गालावर शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका बँकेत काम करणाऱ्या बाईंना मी फ्रॅक्शनल सीओटू केला. पहिल्या बैठकीतच चांगला फरक दाखवायची घाई मला होती. दाटी वाढवली आणि एकावर एक दोन फेऱ्या मारल्या. दहा दिवस छान गेले. तिसऱ्या आठवड्यात बाई आल्या तर दोन्ही गालांवर तपकिरी चौकोन, हँडपीसच्या, म्हणजे मशीनच्या हातात धरायच्या टोकाच्या, ठशाच्या मापाचे, एकाला एक लागून, फरशी बसवल्यासारखे. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “मॅडम, काउंटरवर बसायचंय मला.” चौकोन पुसायला पाच महिने गेले. आपल्या कातडीला किरण किती खोल गेला याहून ठिपके किती दाट पडले ते जास्त नडतं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं आहे. आता पहिल्या बैठकीत मी ५ ते १० टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग झाकत नाही, कानाजवळ एक छोटा ठिपका आधी करून चार आठवडे थांबते, आणि दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे ठेवते.

सुई घालून रेडिओलहरींचा ताप देणारं एक मशीन असतं, मायक्रोनीडल आरएफ. ते लेझर नाही, तरी ‘लेझर’ म्हणूनच विकलं जातं. त्याच्या सुया वरच्या भागात इन्सुलेट केलेल्या असतील तर ताप फक्त टोकाशी, आत सुटतो. रंगाचा थर वर बऱ्यापैकी गार राहतो. आमच्याकडच्या सावळ्या कातडीला आणि उन्हात वावरणाऱ्यांना मी बरेचदा हेच पहिलं देते. हर्णै-दाभोळ भागातली एक मासेविक्रेती आली होती, मूळची मालवणकडची. सीओटूचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माका रोज बाजारात बसूचा आसा. आठ दिस तोंड झाकून मासे कोण इकतलो?” बरोबर होतं तिचं. तिला १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत दोन बैठका दिल्या आणि उरलेल्या पुढच्या वर्षी.

कार्बन लेझरचं चार ओळींत उरकते. काळी पेस्ट लावून वर १,०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड, म्हणजे अगदी क्षणिक झटक्यांचा, किरण मारतात. पेस्ट तो शोषते, टिकटिक आवाज होतो, तेल आणि मेलेली कातडी निघते, चार दिवस तकाकी राहते. खड्डा होता तिथेच, तेवढाच राहतो. हाच किरण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो, त्यामुळे डोळ्यांवर ती तरंगलांबी अडवणारं बंद कवच नसेल तर तकाकीसाठीसुद्धा आडवं होऊ नका. पापण्यांवर ओला कापूस म्हणजे कवच नव्हे.

आता तुमचं गाव आणि तुमचं काम, कारण मुंबईच्या क्लिनिकने बहुधा ते विचारलंच नसेल.

लेझरनंतरच्या कातडीला ऊन सोसत नाही, हे सगळेच सांगतात. पण किनाऱ्यावरचं ऊन फक्त वरून येत नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, लाटांचा फेस सुमारे २५ टक्के. टोपी आणि छत्री खालून येणाऱ्याला अडवत नाहीत. तुमच्याकडे तर फाल्गुनापासून तोडणी, मग उन्हात उभं राहून निवड, आणि त्या वेळी देठातून चीक उडतो. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, तिन्ही कातडी जाळतात. दर मे महिन्यात माझ्याकडे ओठाच्या कडेला, हनुवटीवर, हाताच्या पाठीवर चिकाचे काळे ओघळ घेऊन माणसं येतात, शाबूत कातडीवरचे. लेझरने हजारो भोकं पाडलेल्या गालावर तो चीक उडाला तर काय होईल याचा मला अंदाज आहे आणि बघायची इच्छा नाही. (हे चिकाचे डाग घालवायला लेझर मागायला येतात, तेही देत नाही. मलम आणि तीन-चार महिने पुरतात.)

म्हणून माझा लेझरचा मोसम आषाढ-श्रावण. ढगातून किरण येत नाहीत असं नाही, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत येऊ शकतात. पण माणूस घरात असतो, पेट्या गेलेल्या असतात, आणि गणपतीला अजून अवकाश असतो. पावसाळ्याची स्वतःची कटकट आहे. दमट हवेत घाम आणि बुरशी. मानेला, काखेत गजकर्ण असेल तर आधी ते बरं करायचं. आणि मशीनचंही बघावं लागतं. आमच्या खाऱ्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते, किरण वळवणाऱ्या आतल्या आरशांची रेघ सरकते, विजेचा दाब खालीवर होतो. एसी आणि स्टॅबिलायझर नसलेल्या खोलीत, फिरत्या मशीनवर, महिन्यातून एकदा येणाऱ्या ‘कॅम्प’मध्ये लेझर करून घेऊ नका. आज किरण किती ताकदीचा निघतोय हे तिथे कोणालाच ठाऊक नसतं.

गोळ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आयसोट्रेटिनोइननंतर सहा महिने थांबायचं, असा जुना नियम होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या त्वचाशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने पुरावे तपासून सांगितलं की फ्रॅक्शनलसाठी एवढं थांबायची गरज नाही, फक्त अख्खा चेहरा सलग सोलणं टाळावं. तेव्हा दोन महिन्यांची अडचण नाही. पण गोळ्या परत सुरू करायची वेळ आली तर लक्षात ठेवा : चालू असताना आणि थांबल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये. लग्न तोंडावर असताना हे डॉक्टरने न विचारता सांगायला हवं.

तर क्रम असा धरा. आधी नवे मुरुम दोन महिने तरी यायचे थांबले पाहिजेत. चूल पेटती असताना भिंत रंगवून काय उपयोग? ते थांबलेले असतील तर मार्गशीर्षापासून बिळांना ॲसिडचे ठिपके आणि लाटांना सबसिजन, दोन-तीन वेळा. माघ संपेपर्यंत सगळं आटपायचं, कारण पुढे तोडणी आहे आणि ठिपक्यांचा डाग उमटलाच तर जायला दोन महिने हवेत. या दोन इलाजांनीच बाजूच्या उजेडातली सावली कमी झालेली लग्नात दिसेल. उरलेलं मेकअप करणारी सांभाळेल, खड्डा उथळ झाला की मेकअप त्यात साठत नाही. हळदीच्या आठवड्यात काहीही नवं करू नका, साधं फेशियलसुद्धा नको. आषाढात फ्रॅक्शनलची पहिली बैठक. त्याआधी दिवस राहिले तर लेझर पुढे ढकलायचा, खड्डे कुठे पळून जात नाहीत.

बैठक कशी असते ते ऐकून ठेवा. तासभर भुलीचं मलम लावून बसायचं, वर प्लास्टिकची पट्टी. हे मलम घरून थापून येऊ नका, जास्त भागावर जास्त वेळ राहिलं तर रक्तात उतरून त्रास देतं. मग डोळ्यांवर कवच, गार हवेची नळी, आणि पंधरा-वीस मिनिटं केस जळल्यासारखा वास. उठल्यावर तोंड चुलीपुढे बसल्यासारखं भाजतं, संध्याकाळपर्यंत निवतं. दुसऱ्या दिवशी सूज. तिसऱ्या दिवशी गालावरून हात फिरवला तर पॉलिश पेपर लागतो, बारीक तपकिरी दाणे. ते खरवडायचे नाहीत. सहाव्या-सातव्या दिवशी तोंड धुताना आपोआप निघतात. तोवर साधं व्हॅसलीन, सौम्य साबण, बस्स. हळद, चंदन, परसातली कोरफड, कोकमाचं तेल यातलं काही नको. कोकमाचं तेल टाचांच्या भेगांना उत्तम, उघड्या भोकांना नाही. आजी ऐकणार नाहीत, त्यांना माझं नाव सांगा.

दाणे गेले की टिंट असलेलं सनस्क्रीन लावा. त्यातलं आयर्न ऑक्साइड साधा दिसणारा उजेडही अडवतं, आणि आपल्या कातडीला तो उजेडसुद्धा काळवंडवतो. एसपीएफ ३० च्या वरचं, चेहऱ्याला दोन बोटांच्या लांबीएवढं, दर तीन तासांनी. एवढं लावायची तयारी नसेल तर लेझरचे पैसे वाचवा.

कोणाकडे करायचं, हे तुम्ही ठरवा. पण जिथे जाल तिथे पाच मिनिटांत कळतं. ताप आल्यावर ओठाच्या कडेला पुळ्या उठतात का, असं त्यांनी विचारलं का? उठत असतील तर नागिणीवर देतात त्या जातीच्या गोळ्या लेझरआधी सुरू कराव्या लागतात. कान टोचले तिथे किंवा खांद्यावर गाठीसारखा वण वाढलाय का, हे बघितलं का? घरच्या कोणा ‘गोरेपणाच्या’ मलमाची ट्यूब मागितली का? त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं आणि तसा चेहरा लेझरला आधी लायक करावा लागतो. कपाळावर-गालावर वांग असेल तर ते ओळखलं का? वांगावर ताप पडला की ते दुप्पट होऊन येतं. आणि लेझर कोण मारणार, डॉक्टर की ‘आमची टेक्निशियन’? यातलं काही न विचारता पॅकेजचा कागद पुढे आला तर तो कागद घरी आणा, त्यावर मेथी निवडा.

किती फरक पडेल? तीन-चार बैठकांनंतर, शेवटच्या बैठकीला सहा महिने होऊन गेल्यावर, खड्डे उथळ आणि मऊ दिसतात. शून्य होत नाहीत. कोलॅजन सावकाश भरतं, त्यामुळे महिन्याभरात आरशात काहीच दिसत नाही आणि पेशंट रुसतात. म्हणून उद्या सकाळी त्या खिडकीशी बसाल तेव्हा दोन्ही गालांचे फोटो काढून ठेवा, फिल्टर न लावता. ज्येष्ठ सरला, शेवटची पेटी गेली, की ते फोटो घेऊन या.